आठवा बोल्ट

जैबूनबी बागवान आली तेव्हा तिच्या पदरात
आठ बोल्ट होते, म्हणजे बोल्टांची आठ हाडं.
रंकाळ्याकाठी तिचा रसाचा गाडा.
ऊस, आलं, लिंबू, दिवसभर ठिबकणं.
"भूपालभाऊ, दर दोन महिन्याला असंच हुतंय," ती म्हणाली,
"गाडा माझा आणि कमाई गंजाची."

उत्तरेश्वर पेठेत जिन्याखाली माझं लेथ आहे,
साडेचार फुटी,
उद्यमनगरातलं शेड बंद पडलं त्या साली
थकलेल्या पगारापोटी मिळालेलं.
त्याचा पट्टा फिरू लागला की वर देवघरात समई थरथरते.
बायको काही बोलत नाही,
म्हणजे मोठ्यानं काही बोलत नाही.

साधं लोखंड नको, ते तर तिच्या पदरातच होतं.
जस्त चढवलेलं? लिंबू ते चार दिवसांत सोलून खातं.
पितळेचा विचार केला, पण रस कळकेल,
आणि कल्हई भांड्याला ठीक,
आट्यांच्या फटीफटीत ती कशी बसणार?
राहिलं स्टेनलेस.

भंगारवाला आदगोंडा चुंबक लावून दाखवतो,
"बघा, धरत न्हाई. अस्सल हाय."
चुंबक खोटं बोलत नाही,
पण विचारलंय तेवढंच सांगतं.
हलका मालही त्याच्यापुढं असाच अंग चोरून उभा राहतो.
शेवटी डेअरीच्या मोडीत निघालेल्या टाकीतला
ढवळणीचा दांडा घेतला.
तीस वर्षं दूध ढवळून ज्याला डाग नाही
त्याच्या कुळाची चौकशी कशाला?

केरबा मिस्त्री सांगायचा, ह्या धातूला कुरवाळायचं न्हाई.
टूल नुसतं घासलंस तर तो जागीच कडक होतो,
रुसलेल्या पाहुण्यासारखा,
मग हत्यारच बोथट.
काप घ्यायचा तर खोल घे, न्हाईतर हात मागं.

दीड पिचचे आटे पाडत गेलो, मंद फेऱ्यांवर,
स्वयंपाकघरातलं करडीचं तेल सोडत.
धूर असा की शेजारच्या पोरानं भिंतीवरून विचारलं,
"काका, भजी?"

नट गनमेटलचे केले.
स्टेनलेसवर स्टेनलेस आवळलं
की कधीकधी दोघं असे चावतात एकमेकांना
की सोडवायला करवतच लागते.
मी आणि माझा थोरला भाऊ, तसेच.

मग लिंबूसत्त्वाच्या गरम पाण्यात बोल्ट बुडवून ठेवले.
जैबूनबी बघत होती.
"ज्यानं खाल्लं त्यातच बुडवताय?"
व्हय, म्हटलं. हत्याराचं लोखंड वर चिकटून राहतं,
तेवढं हे खाऊन टाकतं.
खालचा धातू उघडा पडतो, त्याला वारा लागतो
आणि तोही गंजतो,
पण एकदाच, आणि इतका पातळ की दिसत नाही.
तीच त्याची कातडी.
"मग माझ्या लोखंडाला का न्हाई जमलं?"
त्याचा गंज अंगाला धरत नाही, म्हटलं, खपल्या पडतात.
ती आपल्या हातांकडे बघून हसली.

आता खरं ते सांगतो.
सातच बोल्ट माझे.
दांडा शिल्लक होता, पण रात्रीचे साडेदहा वाजलेले,
हात थरथरत होते, आणि खणात
आदगोंडाच्या पुडीतला एक तयार होता.
डोकं तसंच चकचकीत.
चुंबकानंही धरलं नाही.

पाडव्याच्या सुमाराला रंकाळ्यावर गेलो.
तिनं बर्फ न घालता ग्लास भरून दिला.
चरकाखाली, डाव्या अंगाला,
एका बोल्टाच्या डोक्याखालून
चहाच्या रंगाचा एक ओघळ उतरलेला.
बाकी सात आरशासारखे.
तिनं तो पाहिला असेल, नसेल.
मी पैसे काढले तर म्हणाली, "तुमच्याकडून?"
त्यानंतर रस मला कसाच लागला नाही.

दांडा जिन्याखालीच होता, पायाशी.
चकमध्ये धरलाय. काप खोल घेतलाय.
वर समई थरथरतेय,
साडेदहा होऊन गेलेत,
आणि बायको आज मोठ्यानं बोलली.